मेंटेनन्सच्या गोळ्या चुकतात तेव्हा: डॉक्टरांना काय सांगायचं, घरी काय बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या विडी घरकुलात राहणाऱ्या एका ताईंचा सात वर्षांचा मुलगा एएलएल या रक्ताच्या कर्करोगातून सावरतो आहे. मुंबईतला मोठा उपचार पार पडला आणि गेले आठ महिने मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून द्यायच्या, गोळ्या घरी चालू आहेत. मुलगा खातो, खेळतो, शाळेत जातो. महिन्याला चार-पाच वेळा गोळी राहून जाते. कधी तो दूध पिऊन आधीच झोपलेला असतो, कधी ताई विड्या वळण्यात गुंतलेल्या असतात, आणि मुलाचे वडील यंत्रमागावर रात्रपाळीला जातात. तपासणीला मात्र "सगळ्या दिल्या" असं सांगितलं गेलं. गेल्या वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट जास्त आला म्हणून डोस वाढवून मिळाला. सासूबाई म्हणतात, पोर बरं झालंय, आता हे विष बंद करा. नणंदेच्या अकरा वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक आजार, आहे आणि ती लोह कमी करायची गोळी टाळते. ताईंना विचारायचंय: किती चुकलं तर चालतं? आणि आता खरं सांगितलं तर डॉक्टर उपचार थांबवतील का?

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यावर आजच काही करायला हवं. खरं सांगितल्यामुळे उपचार थांबत नाही. पण काहीच न सांगता तुम्ही उद्यापासून सगळ्या गोळ्या नेमाने द्यायला लागलात, तर मुलाला त्रास होऊ शकतो.

मेंटेनन्समध्ये रोजची मुख्य गोळी म्हणजे मर्कॅप्टोप्युरीन, जिला सगळे ६-एमपी म्हणतात. तिचा डोस एकदा ठरवून सोडून देता येत नाही. दर वेळी सीबीसी ही रक्ततपासणी करून पांढऱ्या पेशी, त्यातही जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी किती आहेत, ते बघून डोस वर-खाली करतात. बहुतेक पद्धतींत न्यूट्रोफिल ५०० ते १५०० च्या दरम्यान ठेवायचे असतात. त्याहून बरेच वर राहिले, तर औषध कमी पडतंय असं डॉक्टर धरतात आणि डोस वाढवतात. तुमच्या मुलाचा काउंट वर राहिला, त्यामागे चुकलेल्या गोळ्या असण्याची शक्यता मोठी आहे. डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी समोरच्या आकड्यावरून निर्णय घेतला. आता वाढलेला डोस रोजच्या रोज पोटात जायला लागला की दोन-तीन आठवड्यांत काउंट एकदम खाली येऊ शकतो. मग तोंडात फोड येतात, ताप चढतो, दवाखान्यात भरती व्हावं लागतं, आणि पुन्हा गोळ्या बंद ठेवाव्या लागतात.

म्हणून आजच तुमच्या केंद्रात फोन करा. "मागच्या दोन महिन्यांत दर महिन्याला चार-पाच गोळ्या राहिल्या. आम्ही तेव्हा बोललो नाही. आता डोस वाढवला आहे, तर आम्ही कोणता डोस द्यायचा आणि सीबीसी कधी करायची?" एवढंच बोला. स्वतःच्या मनाने जुन्या डोसवर जाऊ नका आणि गोळी बंदही करू नका. ते सांगतील तसं करा.

तुम्हाला लाज वाटते आहे, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. सोलापुरात अशा मुलांचे उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि गोळ्या चुकल्या हे दडवणाऱ्या आया मला सतत भेटतात. त्या बेफिकीर नसतात. ओपीडीत मागे रांग असते, डॉक्टर कागदावरून नजर न उचलता विचारतात, "सगळ्या दिल्या ना?" या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर द्यायला जागाच नसते. माझ्या मते हा दोष विचारणाऱ्याचा आहे. "गेल्या आठवड्यात किती वेळा जमलं नाही?" असं विचारलं की आया मोकळेपणाने बोलतात.

अमेरिकेत याची नीट तपासणी झाली आहे. गोळ्यांच्या बाटलीला असं झाकण बसवलं की बाटली कधी उघडली त्याची तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. मग कुटुंबाने सांगितलेला हिशोब आणि झाकणाचा हिशोब शेजारी ठेवून पाहिला. बहुसंख्य घरांनी कधी ना कधी, दिल्या त्यापेक्षा जास्त गोळ्या सांगितल्या होत्या.  जागतिक आरोग्य संघटनेनेही २००३ साली दीर्घ उपचारांवरच्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की औषध नियमित घेतलं जात नाही याचं खापर एकट्या रुग्णावर फोडता येत नाही. गरिबी, दवाखान्याची पद्धत, आजाराचं आणि औषधाचं स्वरूप ही सगळी कारणं त्यात असतात.

आता किती चुकलं तर चालतं. त्याच झाकणाच्या पद्धतीने तीनशेहून अधिक मुलांच्या ६-एमपीची नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी मिळाल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका कितीतरी जास्त निघाला. ९५ टक्के म्हणजे महिन्यात एखाद-दुसरीच गोळी चुकलेली. चार-पाच राहिल्या की तुम्ही त्या रेषेच्या खाली जाता. तुमच्या मुलाचा आजार उलटणारच, असा याचा अर्थ कुणी काढू नये. असा धोका पुष्कळ मुलांवरून काढलेला असतो, एका मुलाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. पण उरलेल्या महिन्यांत हे चुकणं कमी करण्याला मोल आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

सासूबाईंना काय सांगायचं? त्या नातवाच्या काळजीनेच बोलतात, हे धरून बोला. त्यांनी त्याचे केस गळताना पाहिलेत, उलट्या काढल्यात. त्यांच्या डोळ्यांना पोर बरं दिसतं आणि गोळी दिली की मळमळतं, मग गोळी वाईट असं त्यांना वाटणारच. त्यांना एवढं कळायला हवं, की आजार सापडला तेव्हा शरीरात कर्करोगाच्या पेशी अब्जावधींत होत्या. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसेनाशा होतात, तरी लाखो-कोटी पेशी लपून राहिलेल्या असू शकतात. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हराळी माहीत असते. वरून रान स्वच्छ दिसतं, पण जमिनीत तिच्या मुळांची काशी राहिली तर पावसाळ्यात पुन्हा सगळीकडे. मेंटेनन्सची दीड-दोन वर्षं त्या लपलेल्या पेशींसाठी आहेत. मेंटेनन्स मध्येच सोडलेल्या मुलांत आजार परत येण्याचं प्रमाण वाढतं, आणि परतून आलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. तेव्हाची औषधं जास्त कडक, खर्च मोठा आणि यशाची खात्री कमी. याउलट पूर्ण उपचार नीट मिळाले तर श्रीमंत देशांत एएलएलची दहापैकी जवळपास नऊ मुलं वाचतात. औषधं बहुतांशी तीच आहेत, जी तुमच्या मुलाला मिळताहेत.

तुमच्याच तोंडून हे ऐकलं तर सासूबाईंना सुनेने शिकवल्यासारखं वाटेल. त्यांना एकदा तपासणीला बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायला सांगा. घरात तेलुगू बोलत असाल, तर तेलुगू समजणाऱ्या नर्सला किंवा समाजसेवकाला मध्ये बसवा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांची घरं आहेत. आजीला मराठीतलं निम्मं कळलं की उरलेलं ती अंदाजाने भरते, आणि घोटाळे तिथेच होतात. ज्या घरात आजी गोळीच्या बाजूची झाली, तिथे गोळी चुकणं जवळपास थांबलेलं मी पाहिलं आहे, कारण संध्याकाळी घरात असते ती तीच.

आता तुमच्या घरात गोळी नेमकी कुठे चुकते ते एकेक बघू.

दुधाचं आधी. पूर्वी आम्ही सगळेच सांगायचो की ६-एमपी रात्री, रिकाम्या पोटी, दुधाशिवाय द्यायची. दुधात असं एक एन्झाइम असतं जे हे औषध निष्क्रिय करतं, म्हणून ती सूचना होती. पुढे २०१७ साली त्याच अमेरिकी गटाने तपासलं, तेव्हा गोळी अन्नाबरोबर घेतली की तशीच, दुधाबरोबर की दुधाशिवाय, सकाळी की रात्री, यामुळे आजार उलटण्याच्या धोक्यात फरक दिसला नाही. फरक पडतो तो गोळी न घेण्याने. तेव्हा मुलगा दूध पिऊन झोपला म्हणून त्या दिवसाची गोळी सोडून देणं यात तोटाच आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा, "आम्ही वेळ बदलून संध्याकाळी सात करू का, जेवणाआधी-नंतरचं बंधन ढिलं करू का?" बहुधा ते हो म्हणतील. मग घरातली अशी वेळ निवडा, जी कारखान्याच्या पाळीने बदलत नाही आणि विड्या मोजून द्यायच्या घाईत येत नाही. तुमच्या भागात पुष्कळ घरांत संध्याकाळचा दिवा लावायची वेळ ठरलेली असते, ती चांगली.

गोळी देणारं माणूस एकच हवं, आणि ते नसेल तेव्हाचं दुसरंही आधी ठरलेलं हवं. "कुणीतरी देईल" म्हटलं की कुणीच देत नाही, नाहीतर दोघंही देतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोज दिल्यावरच, पेनाने फुली मारा. फुली नसलेला दिवस तसाच राहू द्या, नंतर भरू नका. तपासणीला त्या पानाचा फोटो आणि उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. तोंडी हिशोबापेक्षा डॉक्टरांना त्याचा दहापट उपयोग होतो. मोबाइलचा गजर लावा, पण तो वडिलांच्या नव्हे, जे घरी असेल त्याच्या मोबाइलवर.

तुम्ही विड्या वळता, म्हणून हे मुद्दाम सांगते. गोळीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, आणि गोळीनंतरही धुवा. अर्धी गोळी करायची असेल तर विळीने, सुरीने किंवा पोळपाटावर करू नका. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती फक्त याच कामाला ठेवा. घरात कुणी गरोदर असेल, तर तिने या गोळ्या कापू किंवा चुरू नयेत. तो चुरा तिच्या अंगात जाणं बरं नाही. मुलगा गोळी गिळत नसेल तर चुरण्यापेक्षा गिळायला शिकवणं चांगलं. खिरापतीतला साखरेचा एक दाणा पाण्याबरोबर गिळायचा, मग बडीशेपेची छोटी रंगीत गोळी, मग जरा मोठी. दिवसातून पाच मिनिटं, खेळासारखं. सात वर्षांची पुष्कळ मुलं थोड्या दिवसांत शिकतात.

राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर द्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडा आणि कॅलेंडरवर रिकामी ठेवा. दोन दिवसांच्या एकत्र देऊ नका. गोळीनंतर उलटी झाली तर किती मिनिटांच्या आत झाल्यास पुन्हा द्यायची, हा नियम प्रत्येक केंद्राचा असतो. तो विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि मेंटेनन्समधली दुसरी गोळी, मेथोट्रेक्सेट. ती तुम्हाला आठवड्यातून एकदा द्यायला सांगितली असेल. सात वर्षांच्या मुलाला एका वेळी २.५ मिलिग्रॅमच्या सहा-सात गोळ्या द्याव्या लागतात, म्हणून काही घरांना वाटतं, एवढ्या एकदम कशाला, रोज एक देऊ. हे कधीही करू नका. ही गोळी रोज गेल्यामुळे जीव गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या आहेत. ही आणि ६-एमपी, दोन्ही गोळ्या अनेकदा पिवळसर, सारख्याच दिसतात. मेथोट्रेक्सेट वेगळ्या डबीत ठेवा, डबीवर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि तो वार बदलू नका. सेप्ट्रान ही तिसरी गोळी फुप्फुसाच्या एका खास जंतुसंसर्गापासून वाचवते. ती आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच असते, म्हणून तिला दुय्यम समजून सोडून देतात. तीही तेवढीच मोजून द्या.

गोळ्या संपायला दोन आठवडे उरले की नवीन आणा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ६-एमपी नेहमी असेलच असं नाही, आणि "दुकानात नव्हती" हे आठवडाभर गोळी राहण्याचं कारण मी फार वेळा ऐकते.

ताप आला तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर या मुलाला सकाळपर्यंत थांबवायचं नाही. क्रोसिन देऊन वाट बघायची नाही. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा: "ब्लड कॅन्सरचा पेशंट आहे, केमो चालू आहे." सीबीसी आणि शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला हवं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेऊ नका, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. मुंबईच्या केंद्राकडून अशा मुलासाठीची एक पानाची सूचना लिहून घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा; रात्रीच्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला तिचा मोठा आधार होतो. शाळेत किंवा गड्ड्याच्या यात्रेत कांजिण्या, गोवर झालेल्या मुलाजवळ तुमचा मुलगा बसला असं कळलं, तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. संपर्क झाल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत देता येणारं औषध असतं, नंतर त्याचा उपयोग घटतो.

सिद्धरामेश्वराला नवस, अक्कलकोटचा अंगारा, यावर माझं काही म्हणणं नाही. घराला त्याचा आधार वाटतो, वाटू द्या. पोटात जाणाऱ्या काढ्याचं आणि भस्माचं मात्र वेगळं आहे. ६-एमपी आणि मेथोट्रेक्सेट दोन्हींचा यकृतावर भार असतो. त्यात आणखी एखाद्या औषधाने यकृताला सूज आली की आम्हाला केमो थांबवावी लागते, आणि कारण कशात आहे तेही कळत नाही. काही दिलंच असेल तर पुडी घेऊन या, दाखवा. रागावणारे डॉक्टर भेटले तरी सांगा.

महिन्याच्या तपासणीला मुंबई गाठणं, दोघांचा रोज बुडणं, हे गोळ्या चुकण्यामागचं आणखी एक मोठं कारण आहे, आणि त्याविषयी पालक क्वचितच बोलतात. ठरलेल्या उपचारात सलग चार आठवडे किंवा जास्त खंड पडला, तर बालकर्करोगाच्या क्षेत्रात त्याला उपचार सोडणं म्हणतात. तिथवर यायच्या आधी हात पसरायला हरकत नाही. मुंबईच्या केंद्राला विचारा, मधल्या सीबीसी सोलापुरात करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, आणि एखादी तपासणी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात होऊ शकेल का. बार्शी कर्करोगाच्या कामात जुनं गाव आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी तिथे १९८७ साली सुरू झाली. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ असतं, बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते. ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालय देतं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ये-जा करणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना तुम्ही वापरली असेलच. ती २०१२ साली जीवनदायी नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. घरच्या गोळ्यांचा खर्च त्यात कितपत बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा, आणि बसत नसेल तर समाजसेवा विभागाकडे जा.

आता नणंदेची मुलगी. तिचं दुखणं वेगळं असलं तरी अडचण तीच आहे: गोळी टाळली तर आज काहीच होत नाही. रक्त नाही चढवलं तर आठवडाभरात थकवा दिसतो, म्हणून रक्त कुणी चुकवत नाही. लोहाचं तसं नाही. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं, आणि शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं हृदयात, यकृतात, वाढीच्या ग्रंथींत साचत राहतं. अकराव्या वर्षी हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत तिची उंची वाढायची आहे, पाळी यायची आहे. पाळी लांबणं, उंची खुंटणं, मधुमेह आणि शेवटी हृदय थकणं, हे सगळं साचलेल्या लोहामुळे होतं, आणि गोळी नियमित घेतली तर बरंचसं टळतं.

ती का टाळते हे तिलाच विचारा, आई-वडील खोलीत नसताना. बहुतेकदा डेफेरासिरॉक्स या लोह कमी करणाऱ्या औषधाच्या पाण्यात विरघळवायच्या गोळीची चव आणि तो खडूसारखा गाळ नकोसा असतो, किंवा सकाळी रिकाम्या पोटी घेतल्यावर पोट दुखतं, जुलाब होतात आणि शाळेत पंचाईत होते. याला उपाय आहेत. वेळ संध्याकाळची करता येते. गिळायची, आवरण असलेली गोळी मिळते, ती हलक्या खाण्याबरोबर घेता येते. पण तिचे मिलिग्रॅम वेगळे असतात, जुन्या गोळीपेक्षा कमी लागतात, म्हणून बदल डॉक्टरांनीच करायचा; दुकानदाराने "तीच आहे" म्हणून दिली तर घेऊ नका. जोराचे जुलाब-उलट्या चालू असताना ही गोळी मूत्रपिंडाला त्रास देते; त्या दिवशी द्यायच्या आधी फोन करा. आणि तिला डेफेरिप्रोन ही लोह कमी करायची दुसरी, दिवसातून तीनदा घ्यायची गोळी चालू असेल, तर ताप आल्यावर ती थांबवून लगेच सीबीसी करायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

तिला तिचा फेरिटिनचा, म्हणजे अंगात साचलेलं लोह दाखवणाऱ्या तपासणीचा, आकडा स्वतः वहीत लिहू द्या. तो १००० च्या खाली आणायचा असतो. या वयातल्या मुलींना धाक दाखवून गोळी घ्यायला लावली की त्या ती खिडकीतून टाकतात. आकडा आपला आहे, तो आपण खाली आणतोय, हे कळलं की बऱ्याच जणी स्वतःहून घेतात. रक्त चढवायच्या दिवशी डॉक्टरांनी तिच्याशी बोलावं, तिच्या आईशी नव्हे, एवढा आग्रह नणंदेला धरायला सांगा. मुलगी आहे म्हणून उपचारात हात आखडणारी घरं मी पाहिली आहेत. तुमचं घर तसं नाही हे दिसतंय, कारण तुम्ही नणंदेच्या मुलीसाठी विचारता आहात.

शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी वाटतात, लहान मुलांना गुलाबी, मोठ्यांना निळी. थॅलेसेमियाच्या मुलीने ती घ्यायची नाही, आणि हे वर्गशिक्षकांना लेखी कळवा, कारण बाई समोर उभ्या राहून गिळायला लावतात. तुमच्या मुलालाही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिच्यात फॉलिक ॲसिड असतं आणि मेथोट्रेक्सेट त्याच्याच विरुद्ध काम करतं.

थॅलेसेमिया मेजर अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात येतो. प्रमाणपत्रासाठी नणंदेने सिव्हिलमध्ये अर्ज करावा. पुढे शिक्षणात, प्रवासात त्याचा उपयोग होतो. आणि आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात मुली देण्याची पद्धत अजून आहे, म्हणून त्या घरातल्या लग्नाच्या वयाच्या सगळ्यांची एकदा एचपीएलसी ही थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी रक्ततपासणी करून घ्यावी. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण आजाराचा दोष पुढे देऊ शकणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तुमच्या मालकांचीही तपासणी त्यात आली, कारण ते त्या मुलीचे सख्खे मामा आहेत.